मेलेला उठवाचा नाई

आमच्या गावात कोणी काही ठरवलं, की त्याला आधी गेडाम हवालदाराकडून हरून यावं लागतं. असा ठराव ग्रामसभेत कधी झाला नाही. हवालदारानं तो गावावर लादला आणि गावानं शिव्या देत देत मानला.

विहीर खणायची म्हणा, हवालदार खडक होऊन समोर बसतो. किराणा दुकान टाकायचं म्हणा, तो तुमच्या दारासमोरचं दुसरं दुकान होतो. सरपंचांनी पोरीचं लग्न काढलं तेव्हा तो आधी अवकाळी पाऊस झाला, मग ऐनवेळी न आलेला आचारी झाला, मग नवरदेवाचा रुसलेला मामा झाला. संध्याकाळपर्यंत त्याच्या खेळात लग्न तीनदा मोडलं. सरपंचीणबाई पदर डोळ्याला लावून बसल्या, तर हवालदार त्यांच्यावरच खेकसला, "इथीच रडून घ्या ना बाई. इथी रडाले काई लागत नाई. मांडवात रडान तं अख्खं वऱ्हाड पाह्यते."

लग्नाच्या दिवशी आचारी खरंच आला नाही. पण सरपंचांनी सावली गावचा दुसरा आचारी आधीच सांगून ठेवला होता. पंगती उठल्या. लोक हवालदाराला शोधायला लागले, दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून. तो न जेवताच घरी निघून गेला होता. त्याचं हे नेहमीचं. त्याचा अंदाज खोटा निघाला तर तो बरा असतो, एखादा कप चहाही पितो. खरा निघाला की भडकतो, दार लावून घेतो. "सांगतलं होतं ना" असं त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नाही. आम्ही त्याला मिजास म्हणायचो.

त्याच्या ओसरीवर एक उथळ सागवानी पेटी आहे, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. तीत सती नदीची ओली वाळू. बोटांनी दाबून तो डोंगर काढतो, खराट्याच्या काड्यांचं जंगल करतो, काडेपेटीची घरं मांडतो. आपली माणसं म्हणजे अर्धे घासून पांढरे केलेले चिंचोके, वाळूत उभे खोचलेले. समोरची पार्टी म्हणजे लाल गुंजा. लाल नेहमी हवालदार. तुमची चाल झाली की मांडीवर थाप मारून म्हणतो, "आता माही पारी." आणि त्याच्या पारीत तुमचा जो चिंचोका मेला तो तो आडवा करतो. आडवा झालेला चिंचोका डाव संपेपर्यंत आडवाच. तुम्ही कितीही गयावया करा. "मेलेला उठवाचा नाई."

हे सगळं तो फौजेत शिकला. तिथे साहेब लोक खरी चाल करण्याआधी वाळूवर करून पाहतात. वाळूचे डोंगर करणं आणि समोरची पार्टी होऊन साहेबांच्या डोक्याची परीक्षा घेणं, हे हवालदाराचं काम. "नोकरीभर सरकारनं मले दुश्मन होयाचा पगार देल्ला," असं तो सांगतो आणि हसत नाही.

टीव्हीवर लढाईची बातमी लागली की त्याच्यापासून चप्पल लपवावी लागते. पडद्यावर नकाशा येतो, नकाशावर मोठे बाण सरकतात, सूट घातलेला माणूस काठीनं दाखवतो. हवालदार सरपंचांच्या घरात, सरपंचांच्या टीव्हीला ओरडतो, "बानाले भूक लागते का बे? बानाचा बूट फाटते का? बान नाल्यात पडते का? अन् समोरचा काय झोपला आहे?" सरपंच आवाज कमी करतात. टीव्हीचा कमी होतो, त्याचा होत नाही.

मी याच गावची. गावापासून थोडं बाजूला, नाल्याच्या वळणावर सहा घरांचा टोला आहे, त्यातलं एक घर माझ्या मायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजाचं फाटक पाहिलं नव्हतं. मी कुरखेड्याला सायकल मारत जाऊन बी.ए. केलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि अभिमान लपवायला मला कोणी शिकवलेलं नाही. हवालदार मला नावानं हाक मारत नाही. "काय वो बी.ए." म्हणतो. सुरुवातीला मला ते मान दिल्यासारखं वाटायचं.

ग्रामपंचायतीत संगणकाच्या कामाची जागा निघाली, मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा मीही नियमाप्रमाणे हरायला गेले. हवालदार खुर्ची टाकून साहेब झाला. मी नमस्कार करून उभी. त्यानं काय काय विचारलं, मी अदबीनं उत्तरं दिली. पाच मिनिटांत तो उठला आणि खुर्ची लाथेनं सरकवली.

"चार डाव 'हो सर' म्हटलं तुनं. मी चारई डाव चुकीचं बोललो. गडचिरोली समुद्राच्या काठी आहे म्हटलं, तरी हो सर. काऊन?"

"साहेब होता ना भाऊ तुम्ही."

"मंग? साहेबानं म्हटलं म्हनून समुद्र येते का इथी?"

मी रडत घरी आले. रडण्यापेक्षा राग जास्त होता. खऱ्या मुलाखतीत एका साहेबांनी आमच्या तालुक्याविषयी काहीतरी चुकीचं ठोकून दिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही सर, तसं नाही." नोकरी लागली. मी पेढे घेऊन गेले तर हवालदारानं पेढा हातात धरूनच ठेवला. म्हणाला, "आता त्या खुर्चीवर बसून रोज हो म्हनशीन."

आणखी एक सांगते. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बल्लारपूरला असते. एका दिवाळीत ती आली तेव्हा तिची पोर आजोबांशी वाळूत खेळायला बसली. सहा वर्षांची. सात डाव हरली आणि भोकाड पसरलं. मुलगी म्हणाली, "बाबा, लेकरू आहे, हरा ना एखादा डाव." त्यावर हवालदारानं पेटीला जी लाथ घातली ती अख्ख्या गल्लीत ऐकू गेली. वाळू अंगणभर झाली. मुलगी दुसऱ्या सकाळच्या बसनं निघून गेली. सहा वर्षांच्या पोरीला जिंकू न देणारा म्हातारा, याला काय म्हणायचं? मी त्याला बिनकाळजाचा म्हटलं. तोंडावर म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं.

मग हत्ती आले.

आमच्याकडे पूर्वी हत्ती नव्हते. आता कळप पूर्वेकडून येतो, आणि येतो तो नेमका धान कापणीला आलं की. धानाची बांधी तुडवतो, कापून रचलेले पुंजणे विस्कटतो, घरात मोहफूल असलं तर भिंतीतून वास घेतो आणि भिंतीतूनच आत येतो. त्या वर्षी कळप दोन दिवसांच्या अंतरावर आहे असा निरोप आला आणि बंदोबस्ताची योजना घेऊन वरून एक साहेब आले. तरुण, स्वच्छ, घाईत. शाळेच्या वर्गात पडदा लावला. पडद्यावर हिरवं जंगल, पिवळ्या बांध्या, निळा नाला आणि एक जाड लाल बाण. कळप आला की गावकऱ्यांनी मशाली आणि डबे घेऊन बांधीच्या कडेनं रांग धरायची. आवाजानं कळप वळेल, नाल्याच्या कडेनं वर जाईल आणि जंगलात शिरेल.

"काही शंका?" साहेब म्हणाले.

"एक डाव खेळून पाहू," मागून आवाज आला.

साहेब हसले. दिवसभर मीटिंगा करून तेही कंटाळले असतील. "चला, होऊ द्या." चौघांनी पेटी उचलून आणली. हवालदारानं गुडघ्यावर बसून वाळूत आमचं गाव काढलं. नाल्याच्या वळणावर त्यानं सहा काडेपेट्या ठेवल्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"टोला."

"नकाशात नाहीये."

"मानसं आहेत," हवालदार म्हणाला.

चिंचोके साहेबांचे. हत्ती म्हणून हवालदारानं बेहड्याची आठ फळं घेतली. साहेबांनी मशालींची रांग लावली, छान लावली. बेहडे वळले. नाल्याच्या कडेनं निघाले. साहेबांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं, झालं ना, अशा नजरेनं.

"आता माही पारी," हवालदार म्हणाला. "मागून डबे वाजून राह्यले, डाव्या अंगाले आग आहे, समोर चढ आहे. अन् उजव्या अंगाले वारा मोहफुलाचा वास घेऊन येऊन राह्यला. मी हत्ती आहो. कुठी जाऊ?" आणि त्यानं आठही बेहडे टोल्यावर घातले. काडेपेट्या एकेक करून चपट्या झाल्या. शेवटची दाबताना त्यानं मान वर केली. "हे कोनाचं घर?"

"माझ्या मायचं," मी म्हटलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हत्ती तिकडे जाणार नाहीत. तसं गृहीत धरलेलं आहे."

"हत्तीले सांगतलं का, गृहीत धरलं म्हनून?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. ते वाकले, चपट्या काडेपेट्या बोटांनी फुगवून सरळ केल्या आणि पुन्हा वाळूत ठेवल्या. "हा डाव मोजायचा नाही. पहिल्यापासून घेऊ."

हवालदारानं त्यांचं मनगट धरलं. "मेलेला उठवाचा नाई, साहेब."

"हात सोडा."

"हे उठवलं का पुढचं सारं खोटं आहे. डाव जिंकाले नाई खेळत. आपन कुठी मरतो हे पाहाले खेळतो."

सरपंचांनी हवालदाराच्या काखेत हात घालून त्याला बाहेर नेलं. त्याच्या जागी साहेबांचा शिपाई हत्ती झाला. शिपायाचे हत्ती फार गुणाचे होते. साहेबांनी बोट दाखवावं आणि हत्तीनं तिकडे जावं. सगळे जंगलात गेले. टाळ्या वाजल्या. मीही दोन वाजवल्या.

इतिवृत्त लिहिणं माझं काम. साहेब उभ्या उभ्या सांगत होते. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं. त्या चांगल्या अक्षरात मी लिहिलं, 'सराव यशस्वीरीत्या पार पडला.' खाली तारीख घातली. माझ्या मायचं घर पाच मिनिटांपूर्वी माझ्या डोळ्यांसमोर चपटं झालं होतं, आणि मी वेलांट्या नीट काढत होते.

दुसऱ्या सकाळी मी हवालदाराकडे गेले. माफी मागायला नाही. भांडायला गेले, कारण स्वतःवर आलेला राग कुठेतरी टाकायचा होता. तो ओसरीवर पेटीपाशी बसला होता. वाळूत आमचं गाव नव्हतं. उंच, उघडे डोंगर होते, एकही झाड नाही, आणि मधून एक खोल नाला.

"यशस्वी लिहिलं मी," मी म्हटलं. "शिव्या द्या."

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. डोंगराचा उतार बोटानं गुळगुळीत करत बोलला. त्याला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"आमच्या साहेबाचा मुआयना होता. मोठे साहेब वरून पाहाले आले होते. आमचा साहेब लई भला मानूस. जवानाच्या पंगतीत बसून जेवे. आमाले शिकवनारा उस्ताद मले म्हने, गेडाम, आज सांभाळून, साहेबाचं प्रमोशन आहे. मी दुश्मन पार्टी. हा नाला मले दिसून राह्यला होता. या नाल्यात मानसं लपवली तं साहेबाची अख्खी चाल खलास. मले दिसून राह्यलं होतं, बी.ए. अन् मी माह्या गुंजा नाल्याच्या पल्याड झोपवून ठेवल्या. साहेब जिंकला. टाळ्या झाल्या. मोठे साहेब म्हने, चाल पक्की."

"मग?"

"मंग खऱ्यात तीच चाल झाली. नाल्यात कोनी नसते म्हनून. कोनी नसते, हे मीच तं दाखवलं होतं." त्यानं एक चिंचोका उचलला. "मेले त्याच्यात किसन होता. पोंभुर्ण्याचा. आमी दोघं संगंच भरती झालो होतो. चालीवर निघता निघता म्हने, तुहा दुश्मन लई मवाळ झाला बे आजकाल."

मी सरळ ग्रामपंचायतीत गेले. रजिस्टर उघडलं. लिहिलेलं खोडायचं नसतं, एवढं मला कळतं. मी खाली लिहिलं, 'पहिल्या डावात टोल्यावरची सहाही घरे पडली. तो डाव मोजू नये असे सांगण्यात आले. योजनेच्या नकाशात टोला नाही.' सही केली. सरपंचांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यांनीही केली. मी प्रत वर पाठवली. तिचं उत्तर अजून यायचं आहे.

उत्तराची वाट हत्ती पाहणार नव्हते. त्याच दुपारी हवालदार आणि मी पेटी घेऊन टोल्यावर गेलो. मायच्या अंगणात डाव मांडला. टोल्यावरचे लोक आधी हसले. मग माय हत्ती झाली. हवालदारापेक्षा भारी हत्ती झाली. तिनं मशालींकडे बघितलंच नाही, सरळ एका काडेपेटीवर बेहडा ठेवला. "याच्या घरी मोहफुलाचे तीन पोते आहेत. मी हत्ती असती तं पयले इथीच आली असती."

"काऊन वो काकू, माह्याच घरी?" तो घरमालक चिडला.

"तुह्या मोहफुलाचा वास माह्यापर्यंत येते, बाप्पा. हत्तीचं नाक तं केवढं लंबं."

चार डाव झाले. टोला चारही डाव हरला. हवालदार प्रत्येक डावाला ओरडला, म्हाताऱ्यांनाही सोडलं नाही. पाचव्या डावाआधी टोल्यानं ठरवलं की मोहफूल आजच गावातल्या गोदामात हलवायचं, टोल्याच्या अंगाला एकही डबा वाजवायचा नाही, आणि कापणी होईपर्यंत सगळ्यांनी शाळेत झोपायचं. पाचव्या डावात घरं दोन पडली. माणूस एकही नाही.

तिसऱ्या सकाळी आम्ही शाळेतून परत आलो तेव्हा मायच्या स्वयंपाकघराची भिंत नव्हती. शेजारचं छत खाली आलं होतं. चुलीपासून हातभर अंतरावर परातीएवढा पाय उमटला होता. माय रोज चुलीजवळच झोपते.

दहा वाजता साहेब आले. पडलेल्या भिंतीसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि फोनवर सांगितलं, "योजनेमुळे जीवितहानी टळली." मी तिथेच उभी होते. मला ती भिंत उचलून त्यांच्या फोनवर टाकावीशी वाटली. कोणती योजना? जिच्यात आम्ही नव्हतोच, ती? मी म्हटलं, "नाही सर, तसं नाही," आणि कसं ते सगळं सांगितलं, टोल्यासमोर, शिपायासमोर. त्यांनी ऐकलं असेल नसेल. गाडी निघून गेली.

हवालदारही आला होता. पडक्या भिंतीकडे बघून त्यानं एवढंच विचारलं, "सारे आहेत?"

"सारे आहेत भाऊ."

चहा ठेवलेला होता. तो न घेता निघून गेला.

दुपारी मायनं भात, लाखोळीचं वरण आणि वांग्याची भाजी डब्यात भरून दिली. "जा, दे त्या भडक्याले. सकाळपासून उपाशी असन." मी त्याच्या फाटकाशी पोचले आणि थांबले. तो पाठमोरा ओसरीवर बसला होता. समोर तेच उघडे डोंगर. या वेळी लाल गुंजा नाल्यात होत्या, जागच्या जागी, जाग्या. चिंचोके उतारावरून खाली येत होते. तो दोन्हीकडून खेळत होता. "आता माही पारी," स्वतःशीच म्हणाला, आणि एक चिंचोका आडवा केला.

मग त्याची मान छातीवर टेकली. मला वाटलं, डुलकी लागली. तेवढ्यात त्यानं हात लांब केला, तो आडवा चिंचोका उचलला, बनियनला पुसला, आणि वाळूत पुन्हा उभा केला. पडू नये म्हणून बोटानं बुडाशी वाळू दाबली.

माझ्या हातातला डबा वाजला. तो गर्रकन वळला. डोळे लाल, आवाज नेहमीचा.

"काय पाह्यतं? वाऱ्यानं पडला होता तो."

अंगणातल्या चिंचेचं एक पान हलत नव्हतं.

"हो भाऊ," मी म्हटलं आणि डबा त्याच्यासमोर ठेवला. "वारा लई सुटला आहे आज."